सवतीचा खोकला

१

मला हे सांगायचं नव्हतं. सून मागे लागली. शेडमधलं ते गंजकं इंजिन भंगारात का द्यायचं नाही ते एकदा सरळ सांगा, नाहीतर मी भंगारवाल्याला बोलावते, म्हणाली, आणि कागद पुढ्यात आपटून स्वयंपाकघरात निघून गेली. वर मुलगा हसतो. या घरात म्हाताऱ्याचं ऐकायला कोणाला वेळ नाही, पण म्हाताऱ्यानं लिहायला मात्र पाहिजे. शाळेत मी गेलो तो मास्तरांच्या सायकलची चेन बसवण्यापुरता. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. वाचता आलं तर वाचा.

आणि एक. हे मी 'मी, मी' करत सांगणार नाही. मध्येच घसा धरेल आणि तुम्हाला वाटेल म्हातारा रडतोय. मिस्त्री म्हणतो. एक मिस्त्री होता, असं समजा, आणि त्याची एक बायको होती. मुलगा तेव्हा परगावी होता.

मिस्त्रीनं गॅरेज बंद केलं होतं, पण हात काही बंद झाले नव्हते. घरामागे पत्र्याची शेड, शेडमध्ये लाकडी टेबल, टेबलाच्या कडेला शिकंजा, भिंतीवर पान्हे लहान-मोठे ओळीनं टांगलेले. शेड आणि आतली खोली यांच्या मधल्या भिंतीत एक खिडकी होती. खिडकीपलीकडे बायकोचा पलंग. बायकोला दमा. तिचा श्वास मिस्त्रीला पाठ होता: एक लांब ओढ, मध्ये अडकल्यासारखं काहीतरी, मग बारीक शिट्टी वाजवत बाहेर. आडवं व्हायच्या आधी ती उशीवर दोन थापा मारायची. थप, थप. त्या दोन थापा झाल्या की मिस्त्री समजायचा, आता बोलणं बंद.

दुपारी वीज जायची. वीज गेली की तिचं वाफेचं मशीन बंद, आणि मग ती पलंगाच्या कडेला दोन्ही हात रोवून बसायची आणि एकेक श्वास विहिरीतून बादली ओढावी तसा वर ओढायची. मिस्त्री शेजारी बसून पुठ्ठ्यानं वारा घालायचा. त्या वाऱ्यानं काही व्हायचं नाही हे दोघांनाही माहीत होतं.

म्हणून मेहुण्यानं जनरेटर आणला.

२

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. धंद्यानं शिंपी. गल्लीच्या तोंडाशी दुकान, लग्न केलं नाही, गळ्यात कायम टेप. बहिणीवर जीव. तो आला की ती दारातच विचारायची, "जेवलास का?" आणि तो जेवलेला असो नसो, म्हणायचा, "हो ताई, जेवलो." मग ती त्याला वाढायला घ्यायची आणि तो मुकाट्यानं जेवायचा. हे इतकी वर्षं चाललं होतं की त्यात आता कोणी हसतही नसे.

बंद झालेल्या कुठल्याशा दुकानातला तो छोटा जनरेटर त्यानं हातगाडीवर घालून आणला. टू स्ट्रोक, दोरी ओढून चालू करायचा, स्टुलाएवढा. मिस्त्रीनं दोरी ओढली. इंजिन उठलं, चढलं, चढता चढता अडकलं, खाली आलं, परत चढलं. मेहुणा म्हणाला, चालू तर झालं. मिस्त्री म्हणाला, माणूस शुद्धीवर आला म्हणजे बरा झाला असं नसतं.

बायको खिडकीतून म्हणाली, "आणली का माझ्यासाठी सवत. आणली तीही खोकणारी."

तेव्हापासून त्या इंजिनाचं नाव सवत.

आता टू स्ट्रोक म्हणजे काय ते सुनेला कळावं म्हणून सांगतो. मोटारीच्या इंजिनाला तेल निराळं लागतं. याला निराळं नाही, ते पेट्रोलमध्येच तेल मिसळून पितं. आणि ते पोटानं श्वास घेतं. पिस्टन वर गेला की पोटात हवा-पेट्रोल ओढलं जातं, खाली आला की तेच वर डोक्यात ढकललं जातं. त्यामुळे पोटाला कुठं बारीक भोक पडलं, की बाहेरची फालतू हवा आत शिरते. मग पेट्रोल कमी, हवा जास्त. इंजिन असंच चढ-उतार करतं, मिसिंग मारतं, तापतं, आणि एक दिवस पिस्टन जाम होतो.

मिस्त्रीनं प्लग काढला. पांढरा, खडूसारखा. म्हणजे हवा जास्त. निदान झालं, आता भोक शोधायचं. त्यानं टाकी धुतली, जेट फुंकून घेतलं, सायलेन्सरमधली काजळी खरवडली, कार्बोरेटरमागची पॅकिंग नवी कापून बसवली. मग इंजिन चालू ठेवून एकेका सांध्याला ब्रशनं साबणाचा फेस लावला. जिथं भोक असेल तिथं फेस आत ओढला जातो. कुठंच ओढला गेला नाही. आणि इंजिन आपलं चढतंय, अडकतंय, उतरतंय.

शेवटी त्यानं कार्बोरेटरच्या तोंडावर, जिथून हवा आत जाते तिथं, तळहात दाबला. तोंडच बंद केलं की इंजिन गुदमरून बंद पडायला पाहिजे.

पडलं नाही. चालत राहिलं. आणि मिस्त्रीच्या तळहाताला ओढ जाणवायच्या ऐवजी फुंकर जाणवली. कोमट.

असं होतं. टू स्ट्रोक कधीकधी उलटं फुंकतं. मिस्त्रीनं स्वतःला तेच सांगितलं आणि हात पुसला. पुसताना हाताला पेट्रोलचा वास यायला हवा होता. आला छातीला चोळायच्या मलमाचा. मग त्याला आठवलं की सकाळी बायकोची पाठ त्यानंच चोळून दिली होती. वास तिथलाच असणार. दुसरं काय.

३

आवाज कुठून येतो ते ऐकायची मिस्त्री लोकांची एक रीत असते. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानाच्या हाडाला. लोखंडातून आतलं सगळं ऐकू येतं, बेअरिंग, पिस्टन, अंगठ्या, जे असेल ते.

त्यानं टोक पोटाला टेकवलं, डोळे मिटले.

एक लांब ओढ. मध्ये अडकल्यासारखं काहीतरी. मग बारीक शिट्टी.

मिस्त्रीनं डोळे उघडले. समोर टेबल, शिकंजा, पान्ह्यांची ओळ. सगळं जिथल्या तिथं. त्यानं कान बदलला. दुसऱ्या कानातही तेच. म्हटलं, कान म्हातारा झालाय, जे ऐकायची सवय तेच ऐकतो. बाजारात पोरानं 'बाबा' म्हटलं की दहा बाप मागे वळून बघतात, तसं. त्यानं बटण दाबून इंजिन बंद केलं. स्क्रूड्रायव्हर काढायचं मात्र भान राहिलं नाही. मूठ कानालाच होती.

इंजिन थांबलं. फ्लायव्हीलचं चाक फिरायचं राहिलं. आणि त्यानंतर, लोखंडाच्या आतून, अजून एक श्वास बाहेर आला. सावकाश. शिट्टी वाजवत.

तापलेलं लोखंड निवताना आवाज करतं. मिस्त्रीनं हे जन्मभर ऐकलेलं होतं. फक्त ते टक्क करतं. शिट्टी वाजवत नाही.

४

मग एका दुपारी गंमत झाली. म्हणजे तेव्हा गंमत वाटली.

मिस्त्री इंजिनाची चाचणी घेत होता. वायर कशालाच जोडलेली नव्हती, वाफेचं मशीन खोलीत तसंच पडलेलं. इंजिन मोकळंच चालू ठेवून तो प्लगचा रंग बदलतोय का ते बघत होता. आणि बायको शेडच्या दारात आली. चालत, भिंतीला हात न लावता. म्हणाली, वाळत घातलेले कपडे मी गच्चीवरून काढून आणले, तुम्हाला सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

गच्चीवरून. ती गच्ची तिनं कित्येक दिवसांत बघितली नव्हती. जिन्याच्या मधल्या वळणावरच बसायची.

मिस्त्री तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ती एका दमात बोलत होती, वाक्याच्या मध्ये कुठं थांबणं नाही. कपडे झटकत तिनं त्याच्या फाटक्या बनियनपासून त्याच्या आईपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला, आणि मिस्त्री ऐकत राहिला. इतकं गोड बोलणं त्यानं बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. मागे सवत खोकत होती, चढत होती, अडकत होती.

त्यानं इंजिन बंद केलं. बायको म्हणाली, "आणि तो चहाचा कप तुम्ही..." आणि थांबली. दाराची चौकट धरली. बाकीचं वाक्य तिनं तुकड्या-तुकड्यानं पुरं केलं.

मिस्त्रीला तेव्हाच कळलं. कबूल करायला मात्र त्याला वेळ लागला. शहाणा माणूस असलं काही एकदम कबूल करत नाही. जिना चढून आली, दमली, त्यात काय नवल, असं तो स्वतःशीच म्हणत राहिला.

५

आणि तिथं त्याचा धंदा आड आला. दुसऱ्या कोणाच्या हातून ही चूक झाली नसती, मिस्त्रीच्याच हातून होऊ शकते. समोर इंजिन आजारी आहे आणि आपल्याला भोक सापडत नाही, ही गोष्ट त्याला झोपू देईना. फ्लायव्हीलच्या मागे एक रबरी सील असतं. ते बघायचं राहिलं होतं. फ्लायव्हील ओढून काढलं तर सील कडक झालेलं, कडेचा ओठ फाटलेला. फेस तिथवर पोचलाच नव्हता. मिस्त्रीला काय आनंद झाला म्हणून सांगू. साधं फाटकं रबर. श्वास नाही, बायको नाही, काही नाही. तो स्वतःच्या डोक्यावर टपली मारून हसला.

नवं सील ठोकून बसवलं, सगळं जोडलं, दोरी ओढली.

सवत गायला लागली. एक सूर, एक लय, धूर जेमतेम. अडकणं नाही की शिट्टी नाही. त्यानं थोडं रेस केलं, सोडलं, पुन्हा जागेवर आली. मिस्त्री हात बांधून उभा राहिला. धंद्यातलं हे एवढं एक सुख असतं, ते त्यानं पुरतं घेतलं.

मग त्याच्या ध्यानात आलं की खिडकीतून टोमणा आला नाही.

ती पलंगाच्या कडेला बसली होती. हात रोवलेले, तोंड उघडं, खांदे कानापर्यंत चढलेले. आवाज नव्हता. दम्याच्या माणसाचा आवाज येतो तोवर बरं असतं, हे त्याला डॉक्टरनं सांगून ठेवलं होतं. ती त्याच्याकडे बघत होती आणि तिचे ओठ जांभळे पडत होते. वाफेचं मशीन लावायला तो धावला, लावलं, काही होईना. बाहेर इंजिन गातंच होतं.

मिस्त्री पळत शेडमध्ये आला. इंजिन बंद करायला हवं होतं, पण हात पान्ह्याकडे गेला. त्यानं कार्बोरेटरमागचे दोन्ही नट ढिले केले. फट पडली. इंजिन अडकलं, चढलं, खोकलं.

आणि खिडकीतून एक मोठ्ठा, ओला श्वास आत गेल्याचा आवाज आला.

थोड्या वेळानं तिचा आवाज आला. साफ, ठणठणीत. "अहो, काय केलंत तुम्ही? कोणी तरी छातीवरून उठल्यासारखं झालं."

मिस्त्री म्हणाला, काही नाही, नट ढिला होता.

६

त्यानं एकदाच तपासून बघितलं. तपासल्याशिवाय त्याला राहवेना, आणि तपासल्यावर स्वतःची लाज वाटली.

मेहुणा आलेला होता, खोलीत बहिणीजवळ बसला होता. ती त्याला कुठल्याशा लग्नातली गोष्ट सांगत होती, नवरदेवाची पँट बसताना उसवली त्याची, आणि ती पँट मेहुण्यानंच शिवलेली होती. हसणं खिडकीतून येत होतं. मिस्त्रीनं पान्हा लावला आणि नट अगदी थोडा आवळला.

गोष्टीच्या मध्येच तिचा आवाज जाड झाला. शब्द लांबले. मेहुणा म्हणाला, ताई, पाणी देऊ का.

मिस्त्रीनं नट परत सैल केला. आवाज मोकळा झाला, पँट पुरती उसवली, आणि दोघं हसले.

मिस्त्रीनं पान्हा भिंतीला टांगला.  

७

त्यानंतर मिस्त्रीनं जे काम केलं ते त्यानं जन्मात केलं नव्हतं. आजारी इंजिन आजारीच ठेवायचं, आणि मरू मात्र द्यायचं नाही. बरं करणं सोपं असतं, बिघडवणं त्याहून सोपं. हे मधलं फार अवघड.

हवा जास्त गेली की इंजिन तापतं, म्हणून पेट्रोलमध्ये तेल वाढवलं. तेल वाढवलं की धूर. निळा, दाट, शेडभर. जनरेटरच्याच करंटवर त्यानं एक टेबलफॅन लावला आणि जनरेटरलाच वारा घातला. पुठ्ठ्यानं वारा घालायची सवय होतीच. वीज असो की नसो, सकाळी इंजिन चालू करायचं आणि दिवे लागायच्या वेळेला बंद करायचं. दिवसभर बायको घरात फिरायची, भाजी निवडायची, शेजारणींशी खिडकीतून भांडायची. संध्याकाळी इंजिन बंद झालं की सवतीकडचा अडकता श्वास आपल्याकडे घ्यायची आणि उशीवर थापा मारून पडायची.

तिला कळलं होतं का? मिस्त्रीनं सांगितलं नव्हतं. पण एकदा ती शेडमध्ये आली, इंजिनाकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "हिला फार त्रास होतोय हो." पदरानं तिनं टाकीवरचं तेल पुसलं. जसं आजाऱ्याचं तोंड पुसावं तसं. मिस्त्रीला ते बघवलं नाही, तो चहा टाकायला गेला.

मेहुण्याला मात्र धूर दिसत होता. त्याचंही काय चुकलं? दम्याच्या बाईच्या खिडकीखाली दिवसभर धूर ओकणारं इंजिन, आणि वीज असतानाही चालू. डॉक्टरांनी त्याला सांगितलं की धूर म्हणजे या माणसाला विष आहे. तो येऊन भांडला. भाऊजी, तुम्ही मिस्त्री ना, मग एक इंजिन नीट करता येत नाही? मिस्त्री म्हणाला, तू तुझ्या काजा-बटणांचं बघ. मेहुणा म्हणाला, तिला काही झालं तर. मिस्त्री म्हणाला, ती जिना चढते ते तुला दिसत नाही का? मेहुणा म्हणाला, दिसतं, आणि तो धूरही दिसतो.

खरं सांगून टाकायचं मिस्त्रीच्या ओठावर आलं होतं. पण असलं सांगायचं कसं? बायकोचा दमा मी इंजिनात ठेवलाय, असं म्हणायचं? 

८

एका दुपारी तेल संपलं. मिस्त्री इंजिन चालू ठेवून तेल आणायला गेला. जाताना बायको दारात बसून गहू पाखडत होती. म्हणाली, छत्री न्या, ऊन फार आहे. मिस्त्रीनं नेली नाही. तिचं ऐकायची सवय नव्हती.

परत येताना गल्लीच्या तोंडाशी, मेहुण्याच्या बंद दुकानापाशी, त्याला ते ऐकू आलं.

गाणं. एक सूर, एक लय.

गुडघे दुखतात, पण मिस्त्री धावला. तेलाचा डबा कुठं पडला त्याला कळलं नाही. शेडमध्ये मेहुणा उभा होता, गळ्यात टेप, तोंडभर हसू. चौकातल्या मेकॅनिकला आणलं होतं म्हणाला. दोनच नट ढिले होते, भाऊजी, दोन नट. त्यानं पॅकिंगला चिकटवायचं सोल्यूशन लावून दिलंय, आता काय हलत नाय. धूर बघा, आहे का कुठं? ताईला म्हटलं, तू आत जाऊन पड, तुला आता शांत झोप लागेल.

मिस्त्रीनं पान्हा उचलला. मेहुण्यानं त्याचा हात धरला.

"हात लावायचा नाही. दुसऱ्यानं नीट केलेलं तुम्हाला बघवत नाही, दुसरं काही नाही."

"मग बंद कर. नुसतं बंद कर ते."

"का बंद करू? आता कुठं नीट चाललंय."

शिंप्याचे हात, पण कात्री चालवून घट्ट झालेले. त्यानं मिस्त्रीला मागून मिठीत धरावं तसं धरलं. तो रागानं धरत नव्हता. समजूत घालत होता, भाऊजी, शांत व्हा, म्हणत होता. खिडकी समोरच होती. पलीकडून काही आवाज नव्हता. कसलाच.

मिस्त्रीचा एक हात कोपरापासून मोकळा होता. बटण पलीकडच्या बाजूला. हात पोचत होता तो फक्त कार्बोरेटरच्या तोंडापर्यंत. त्यानं तळहात त्यावर दाबला, जीव लावून दाबला. आता भोक कुठंच नव्हतं, सगळं चिकटवून बंद केलेलं. तोंड बंद केलं की इंजिन पडायलाच पाहिजे होतं.

पडलं नाही.

त्याच्या तळहातावर श्वास आला. कोमट, ओला, मलमाचा वास असलेला. आत गेला, बाहेर आला. पेट्रोल नाही, हवा नाही, तरी ते चालत होतं, हळू, आणखी हळू. कोणी तरी त्याच्या हातात तोंड धरून दमून बसावं तसं. त्यात शिट्टी नव्हती. अडकणं नव्हतं. इतका मोकळा श्वास त्यानं तिचा कधी ऐकला नव्हता, लग्न झालं तेव्हासुद्धा नाही. आता हात काढावा की ठेवावा, हे त्याला कळेना. धरून बसला.

मग इंजिनाच्या पोटातून आवाज आला. थप, थप.

आणि ते थांबलं.

९

बाकी काय सांगायचं. डॉक्टर आले, बघून गेले. ती पडली होती ती झोपल्यासारखी, उशी नीट थापटलेली. मेहुणा तिच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडला, आणि रडता रडता सगळ्या गल्लीसमोर म्हणाला की भाऊजींनी हिला धुरानं मारलं. दिवसभर धूर दिला हिला, मी सांगत होतो. सगळ्यांनी ऐकलं. मिस्त्रीनंही ऐकलं.  हाताला अजून ओल होती.

मिस्त्री, मिस्त्री किती करू. पुढचं सरळ सांगतो.

इंजिन मी पुन्हा कधी चालू केलं नाही. टाकी रिकामी आहे, प्लग काढून ठेवलाय, सून म्हणते तसं ते लोखंडच आहे. पण दुपारी घर शांत झालं की मी शेडमध्ये जातो, लांब स्क्रूड्रायव्हर पोटाला टेकवतो आणि मूठ कानाला. तिथं एक खोली आहे. खोलीत कोणी तरी झोपलेलं आहे. श्वास लांब, मोकळा. कधी कूस बदलल्याचा आवाज येतो. एवढंच. मी बोलत नाही, झोपमोड नको.

मेहुणा बऱ्याच दिवसांनी आला होता, मध्यंतरी. बहिणीची आठवण येते म्हणाला, चपला दाराशी काढून शेडमध्ये स्टुलावर बसला. धुराचा विषय त्यानं काढला नाही आणि मी काढला नाही. मी स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात दिला, टोक कुठं टेकवायचं ते दाखवलं. तो हसला. म्हणाला, भाऊजी, तुमचं काहीतरीच. मग मला बरं वाटावं म्हणून त्यानं मूठ कानाला लावली.

थोडा वेळ काही नाही. मग त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून निघून गेलं. गळ्यातली टेप त्यानं दुसऱ्या हातानं घट्ट धरली. आणि अगदी हळू, नेहमीच्या आवाजात, तो म्हणाला,

"हो ताई, जेवलो."

मग त्यानं माझ्याकडे बघितलं. स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला, आवाज न होऊ देता. "मला काही ऐकू आलं नाही," म्हणाला, आणि उन्हातून अनवाणी चालत गेला. चपला विसरला. न्यायला आला नाही. दुकान त्यानं दुसऱ्या गल्लीत हलवलं.

सुने, कागद संपत आले. भंगारवाला आला तर त्याला चहा दे आणि परत पाठव. शेडच्या दाराशी त्या चपला आहेत, त्याही हलवू नकोस. त्या न्यायला मेहुण्याला यावंच लागेल, आणि येईल तेव्हा साऱ्या गल्लीसमोर जे बोलला ते त्याला साऱ्या गल्लीसमोरच परत घ्यावं लागेल. त्यानं ऐकलंय. त्याला माहीत आहे, ती धुरानं गेली नाही. मला त्याचा राग नाही, तीही रागावलेली नाही, नाहीतर जेवण विचारलं नसतं. पण माफी ती माफी. ती एकाच माणसाकडून यायची राहिली आहे, माझ्या मेहुण्याकडून, शिंप्याकडून.